‘सोड’ म्हटल्यावर

आमच्या धंद्यात एक नियम आहे. तो आमच्या वडिलांनी आम्हा दोघा भावांना मिसरूड फुटण्याच्या आधीच शिकवला होता. जड कपाट दोघांनी उचलले असता एकाने आपल्या मनाने हात काढून घ्यावयाचा नाही. ज्याच्या अंगावर वजन येणार असेल त्याने आधी ‘सोड’ म्हणावयाचे, मग दुसऱ्याने सोडावयाचे, आणि सोडल्याबरोबर ‘सोडलं’ असे तोंडाने उत्तर द्यावयाचे. ‘‘बोलल्याशिवाय सोडायचं नाही आणि सोडल्यावर मुकं राहायचं नाही,’’ असे वडील म्हणत. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी अशाच एका मुक्या माणसामुळे गेली, असे ते सांगत. आई मात्र म्हणे की ती करवतीने गेली, पण करवतीशी भांडता येत नाही म्हणून ह्यांनी माणूस शोधून काढला.

हेच क्रियापद आम्हाला रविवारी प्रार्थनामंदिरातही भेटत असे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत, आम्ही आमच्या अपराध्यांना सोडतो तसे तूही आम्हांस सोड, अशा अर्थाचे एक वाक्य येते. त्या वाक्याच्या वेळी दादा मला कोपराने ढोसून कानात म्हणत असे, ‘‘बघ बारक्या, आता सोडतील.’’ म्हणजे उपासना सुटेल आणि आपण घरी जाऊ. मी कितीतरी वर्षे त्या वाक्याचा तोच अर्थ समजत होतो, आणि तेवढे एकच वाक्य मी मनापासून म्हणत असे.

वडिलांच्या मागे दादा सुतारकाम पाहू लागला आणि पॉलिश माझ्याकडे आले. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या बोळीवर जुनी मलमल गुंडाळून, ती बोळी लाकडावर गोल गोल फिरवीत राहावयाचे, हे ते काम. हात क्षणभर थांबला तर डाग पडतो. घाई केली तर चमक येते, परंतु ती पावडर लावलेल्या तोंडासारखी दिसते. मला हे काम फार प्रिय होते. कच्च्या फळीतून तिचे रेषारेषांचे अंतरंग वर येताना पाहणे, ह्यापरते सुख मला ठाऊक नव्हते.

दुसरे सुख मला दादानेच ओळखीचे करून दिले. एका मोठ्या कामाचे रंधणे संपवून आम्ही भुशातच बसलो होतो. त्याने पेला पुढे केला आणि म्हणाला, ‘‘घे, अंग मोकळं होतं.’’ माझे अंग मोकळे झाले. दादा दोन पेले घेऊन बाटलीला बूच लावीत असे आणि घरी जाऊन जेवत असे. ते बूच मला कधी लावता आले नाही. त्याच्या घरी दारू पाहुणी म्हणून आली, माझ्या घरी ती मालकीण होऊन बसली. ह्यात त्याचा दोष किती, हे मी मोजणार नाही, कारण माझी तक्रार त्याबद्दल नाही.

माझी पत्नी शिवणकाम करीत असे. आम्हांस मूलबाळ नव्हते. तिचे हृदय जन्मापासून अधू होते आणि जिना चढताना ती प्रत्येक वळणावर थांबून, जणू काही पाहण्यासारखे आहे अशा आविर्भावाने, भिंतीकडे पाहत असे. ती भांडणारी बाई नव्हती. माझ्या हातून पेला सुटून फुटला तरी ती काचा वेचून पुन्हा यंत्रावर बसे. एकदाच ती सुईत दोरा ओवता ओवता, मान वर न करता, म्हणाली, ‘‘मला साडी नको, दागिना नको. एक दिवस या आणि ‘सोडली’ एवढं म्हणा. खोटं असेल तर मात्र म्हणू नका.’’

त्या वाक्यावर मी व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. तिथला थरकाप, घाम आणि भिंतीवरून चालणारे नसलेले किडे ह्यांचे वर्णन करून मी वाचकाला शिणवणार नाही. केंद्राच्या शिस्तीप्रमाणे घरच्यांना भेटण्यास मनाई होती. शेवटच्या काही आठवड्यांत माझे डोके स्वच्छ झाले होते, जेवण जात होते, हाताचा कंप बराच उतरला होता. मी तिथल्या खुर्च्यांना पॉलिशसुद्धा करून दिले. सुटलो त्या सकाळी मी ‘सोडली’ हा एकच शब्द तोंडात धरून घरी निघालो. वाटेत कुणाशी बोललो नाही, न जाणो तो सांडेल.

दाराला कुलूप होते. शेजारच्या नर्सबाई कामावर निघाल्या होत्या. मला पाहताच त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

‘‘अहो, तुम्ही आज येताय?’’

‘‘ही कुठं गेली?’’

‘‘भाऊ,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुम्हाला कुणीच कळवलं नाही?’’

मला काय कळावयाचे राहिले होते, ते त्यांच्या चेहऱ्यावरच लिहिलेले होते. तरीही त्यांनी ते मला शब्दाशब्दांनी सांगितले, कारण माझ्यासारखा माणूस चेहऱ्यावरचे वाचीत नाही. तिला मातीआड करून पंधरवडा उलटून गेला होता.

मी तडक कारखान्यात गेलो. कारखाना वरच्या मजल्यावर आहे आणि खाली एका व्यापाऱ्याचे गोदाम आहे. दादा फळीवर पेन्सिलीने खूण करीत होता. त्याने खूण पूर्ण केली, पेन्सिल कानामागे खोवली आणि मगच माझ्याकडे पाहिले.

‘‘मीच सांगितलं केंद्रात, ह्याला कळवू नका म्हणून,’’ तो म्हणाला. ‘‘झिंगत आला असतास आणि चार माणसांत खड्ड्यात पहिला तूच पडला असतास.’’

‘‘मी शुद्धीवर होतो, दादा.’’

‘‘ते मला काय माहीत? तुझी शुद्ध काय कॅलेंडरात छापून येते?’’

‘‘तिची पेटी कुणी केली?’’

‘‘मी केली. दुसरं कोण करणार?’’

‘‘आणि पॉलिश?’’

तो रंधा उचलून त्याचे पाते अंगठ्याने तपासू लागला. ‘‘कच्चीच गेली. पॉलिशवाला सुट्टीवर होता ना.’’

हे म्हणताना तो हसला असता तर मी कदाचित त्याच्या अंगावर धावून गेलो असतो आणि प्रकरण तिथेच मिटले असते. तो हसला नाही. त्याने हे असे सांगितले की जणू कुलपाची किल्ली कुठे आहे ते सांगतो आहे. ज्या हातांनी परक्यांची कपाटे, परक्यांचे पलंग, परक्यांच्या देवाघरची बाके आरशासारखी केली, त्या हातांचे माणूस मात्र खरखरीत फळ्यांत गेले. एवढे मला कळले आणि त्यानंतर माझ्या डोक्यात दुसरे काही उरले नाही.

लोकांना वाटते की माझ्यासारख्याला स्पिरिटच्या वासाने तहान लागत असेल. तसे नाही. तो वास माझ्या नाकात बालपणापासून आहे. माझी तहान दादाच्या आठवणीने लागते. त्याचा कानामागे पेन्सिल खोवण्याचा हात डोळ्यांपुढे आला की माझी जीभ टाळूला चिकटते, आणि मग खोलीच्या कोपऱ्यातला स्पिरिटचा डबा बोलू लागतो. ते स्पिरिट पिऊन आंधळे झालेली माणसे मी पाहिली आहेत. आंधळे होणे मला त्या दिवसांत गैरसोयीचे वाटत नव्हते. कारखान्यात जाणे मी बंद केले होते आणि बाहेरच्या पॉलिशकामांवर जगत होतो; डबा फेकून द्यावा, तर पोटाला काय घालावे? दुसरी कोणतीही विद्या मजजवळ नाही.

अशा अवस्थेत मला आमच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, प्रार्थनामंदिराची बाके पॉलिश करण्यास बोलावले. ते देखणे किंवा गंभीर गृहस्थ नव्हेत. त्यांना बाराही महिने सर्दी असते आणि उपदेशाच्या मधोमध ते रुमाल शोधतात. मी बोळी फिरवीत होतो आणि ते शेजारच्या बाकावर बसून एका डुगडुगत्या बाकाच्या पायाखाली घालावयास पुठ्ठ्याची घडी करीत होते.

‘‘वासाचा त्रास होत नाही ना?’’ त्यांनी विचारले.

‘‘वासाचा नाही, साहेब. भावाचा होतो.’’

त्यांना सगळे ठाऊक होते, कारण दफनाची प्रार्थना त्यांनीच केली होती. दादाने त्यांना, मी येण्याच्या स्थितीत नाही, असे सांगितले होते आणि त्यांनी ते मानले होते. हे कबूल करताना त्यांनी नाक पुसले, मग डोळे पुसले, आणि मला त्यांच्यावर रागावता आले नाही.

‘‘त्याला सोड,’’ ते म्हणाले. ‘‘त्याच्यासाठी नको, तुझ्यासाठी सोड. दोन्ही हातांनी त्याला धरून ठेवलंयस. मग बाटली आली की ढकलायला हात कुठला आणणार?’’

‘‘त्याने म्हटलं पाहिजे ना.’’

‘‘काय म्हटलं पाहिजे?’’

‘‘सोड म्हणून. आमच्यात बोलल्याशिवाय सोडत नाहीत.’’ आणि मी त्यांना वडिलांचा नियम सांगितला.

पाळकसाहेबांनी पुठ्ठा पायाखाली सारला. बाक अजूनही डुगडुगत होते. ‘‘आणि समोरचा जन्मभर बोललाच नाही तर?’’

‘‘तर धरून उभं राहायचं.’’

‘‘किती वेळ?’’

माझी बोळी थांबली होती आणि बाकावर पांढरा डाग पडला होता. तेवढी जागा घासून मला पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. जाताना पाळकसाहेब म्हणाले, ‘‘हे बघ, आपला प्रभूही सुतारच होता, पण एवढा नियमाचा नव्हता.’’ मग स्वतःच्याच विनोदावर त्यांना शिंक आली.

त्या आठवड्यात तहान इतकी वाढली की मी डब्याचे झाकण उघडून, काम नसताना, त्याच्यासमोर बसू लागलो. प्यालो नाही. परंतु बसू लागलो. आणि मला स्वच्छ दिसले की आता दोनच वाटा आहेत. एक तर दादाला माझ्या आतून बाहेर काढावयाचे, नाही तर डबा आत घ्यावयाचा. तेव्हा मी एक वाक्य तयार केले, ते आरशासमोर म्हणून पाहिले आणि दुपारच्या वेळी कारखान्याचा जिना चढलो.

दादा एकटाच होता. मजूर आला नव्हता आणि खाली हातगाडीवाला खोळंबून शिव्या घालीत होता. मध्ये सागवानी कपाट उभे होते. त्याला कुणा नवख्याने पॉलिश केलेले दिसत होते, कारण दारावर बोळीचे फेरे मोजता येत होते.

‘‘दादा,’’ मी म्हणालो, ‘‘मी तुला क्षमा केली आहे.’’

‘‘काय केलंस?’’

‘‘क्षमा.’’

‘‘मी कधी मागितली?’’

‘‘मागितली नाहीस.’’

‘‘मग राहू दे तुझ्याजवळच. लागली तर निरोप धाडीन.’’ त्याने कपाटाभोवती गोणपाट गुंडाळले. ‘‘मोठा साधू झालास की रे! पाळकानं पाठवलं वाटतं? चोराच्या उलट्या बोंबा. आयुष्यभर घर जाळलंस तू, आणि विझवणाऱ्याला क्षमा करतोस होय? आलाच आहेस तर हात लाव. वरची बाजू घे.’’

मी हात लावला. का लावला हे मला सांगता येत नाही. माझे वाक्य जमिनीवर पडले होते आणि हातांना काहीतरी धरावयास हवे होते.

‘‘धरलं?’’

‘‘धरलं.’’

दादा खालच्या बाजूने, पाठमोरा, एकेक पायरी उतरू लागला. कपाट माझ्या छातीवर कलले. त्याचा चेहरा मला कडेने दिसत होता, घामाने चमकणारा. तो गप्प राहिला असता तर बरे झाले असते. पण तो ओझे उचलून बोलणारा मनुष्य आहे. बोलले की वजन कमी होते, असे त्याला वाटते.

‘‘तुला वाटतं मी मजेनं केलं,’’ तो धापा टाकीत म्हणाला. ‘‘दवाखान्यात मीच होतो. तू नव्हतास. दिवसभर तिचं एकच. ‘त्यांना बोलवा.’ ‘त्यांना बोलवा.’ तिथली नर्स वैतागली.’’

माझ्या पायाखालची पायरी मला सापडेना.

‘‘तिनं मला बोलावलं होतं?’’

‘‘बोलावलं होतं म्हणजे काय, तेवढंच बोलत होती.’’

‘‘आणि तू मला सांगितलं नाहीस.’’

‘‘नाही सांगितलं,’’ तो म्हणाला. ‘‘जपून, वळण आलं.’’

त्या जिन्याला मध्यावर एक अरुंद वळण आहे. तिथे कपाट तिरपे करावे लागते. ते तिरपे करताना तळाची कड भिंतीकडे सरकली आणि दादाचा उजवा हात कपाट आणि भिंत ह्यांच्यामध्ये सापडला. तो ओरडला नाही. त्याने फक्त श्वास आत घेतला. आता सगळा भार माझ्या दोन हातांवर होता आणि त्याला हे माझ्याइतकेच कळत होते. मी बोटे किंचित सैल केली असती तरी कपाट स्वतःच्या वजनाने बसले असते, आणि त्या हाताने पुन्हा रंधा धरला नसता.

‘‘सोडू नको,’’ तो म्हणाला.

मी त्याच्या अडकलेल्या हाताकडे पाहिले.

‘‘बारक्या, सोडू नको रे!’’

ह्या नावाने त्याने मला किती तरी वर्षांत हाक मारली नव्हती. मी येथे असे लिहू शकतो की ती हाक ऐकून माझ्या अंतःकरणाला पाझर फुटला. तसे काही झाले नाही. मला तहान लागली. इतकी तहान मला केंद्रातल्या पहिल्या रात्रींतही लागली नव्हती. मला दिसले ते एवढेच, की ती दवाखान्यातल्या खाटेवर दाराकडे मान वळवून पडली आहे, आणि त्या दारात हा उभा आहे, कानामागे पेन्सिल खोवून. तिने मागितलेला एक शब्द माझ्याजवळ तयार होता. तो तिच्या कानापर्यंत जाण्याच्या वाटेत हा एकटा मनुष्य उभा राहिला. आणि आता त्याचा हात माझ्या हातांत होता.

मी धरून राहिलो. प्रेमाने नव्हे, आणि देवाला स्मरूनही नव्हे. वडिलांच्या तोंडचा नियम माझ्या हाडांत होता म्हणून धरून राहिलो. समोरचा ‘सोडू नको’ म्हणत असताना सोडणे हे मला येत नव्हते, जसे मला उभ्या रेषेत बोळी फिरवणे येत नाही. मी गुडघा कपाटाखाली घातला, पाठ भिंतीला लावली आणि ते चार बोटे वर उचलले. दादाने हात ओढून घेतला. बोटांची सालपटे निघाली होती, परंतु हाड शाबूत होते.

उरलेल्या पायऱ्या आम्ही एकेक करून उतरलो. खाली हातगाडीवाला म्हणाला, ‘‘आलात का! मला वाटलं, वरच झाड लावून कापताय.’’ कुणी हसले नाही. आम्ही कपाट गाडीच्या फळीला टेकवले. दादाने खांद्याने त्याचा तोल सांभाळला, नेहमीप्रमाणे मान हलवली आणि म्हणाला,

‘‘सोड.’’

तो कपाटाविषयी बोलत होता, हे मला पूर्णपणे ठाऊक आहे. मी अर्धवट शिकलेला असेन, पण एवढा अडाणी नाही. तरीही हा शब्द त्याच्या तोंडून ह्या जन्मात मला दुसऱ्या कोणत्या अर्थाने ऐकावयास मिळणार नाही, हेही मला त्याच क्षणी कळले. तेव्हा जो मिळाला तो मी घेतला. बोटे एकेक करून उघडली.

‘‘सोडलं,’’ मी म्हणालो.

‘‘ऐकलं,’’ दादा म्हणाला, आणि दोरी बांधू लागला. बांधताना त्याचे लक्ष वळणावर घासलेल्या कोपऱ्याकडे गेले. ‘‘च्यायला, कोपरा गेला. हे परत करावं लागणार. तू करशील?’’

‘‘करीन.’’

‘‘त्याच्या घरी जाऊन कर. आता मी हे परत वर नेणार नाही.’’ मग सोललेली बोटे तोंडात घालून तो जिना चढून गेला. माझे आभार मानण्याचे त्याला सुचले नाही. मी कशाबद्दल ‘सोडलं’ म्हणालो हे त्याला माहीत नाही, आणि मी त्याला सांगणारही नाही. सांगितले तर तो विचारील, मी कधी मागितले होते?

तहान गेली असे लिहिले तर ते खोटे ठरेल आणि खोटे म्हणू नका अशी मला ताकीद आहे. कपाट एकदा जमिनीला टेकले की टेकले. हे तसे नाही. सकाळी जाग येते तेव्हा दादा पुन्हा माझ्या दोन हातांत असतो, त्याच वजनाचा, त्याच वळणावर, आणि खाटेवरून दाराकडे वळलेली ती मान पुन्हा मला दिसते. पाळकसाहेब म्हणतात की रोज सोडावे लागेल. किती वेळा, असे आता मीच त्यांना विचारतो आणि ते रुमाल शोधतात.

मी डब्याचे झाकण उघडतो. बोळीपुरते स्पिरिट वाटीत ओततो, झाकण घट्ट लावतो आणि ‘सोडलं’ असे मोठ्याने म्हणतो, कारण सोडल्यावर मुके राहावयाचे नाही, असे वडील सांगत. ‘ऐकलं’ म्हणणारे खाली कोणी नसते.

तिच्या थडग्याकडे मी एकदा जाऊन आलो. माती बसून सपाट झाली होती. तिने मागितलेला तो दुसरा शब्द मी तिथे म्हणावयास गेलो होतो. तोंड उघडले, आणि मग आठवले की खाली लाकूड कच्चे आहे. उघड्या लाकडात ओल लवकर शिरते. दादा आठवला, तहान लागली, आणि खोटे असेल तर म्हणू नका असे तिने बजावले होते. तो शब्द मी तसाच परत घेऊन आलो.